आधी स्तोत्रं, मग बाकी सगळं: इंग्लिश कॅथेड्रल गायनात नव्याने येणाऱ्यांसाठी

घरी शास्त्रीय गाणं शिकून इंग्लंडला शिकायला आलेली मराठी मुलं-मुली मला अनेकदा विचारतात, इथल्या चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आपल्याला घेतात का, आणि घेतलं तर आधी काय शिकायचं? कॉलेजांच्या क्वायरमध्ये नक्की घेतात. तिथे स्वर लागतो का, नोटेशन वाचता येतं का आणि तालमीला वेळेवर येता का, एवढंच बघतात. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे: स्तोत्रं शिका. बायबलमधली दीडशे स्तोत्रं, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बायबलातली स्तोत्रसंहिता. ती ज्याला नीट गाता येतात, त्याला बाकीचं फार जड जात नाही.

मी पुण्याहून उत्तर इंग्लंडमधल्या डरहमला एम.ए. करायला आले तेव्हा ख्याल गात होते आणि स्टाफ नोटेशन जेमतेम ओळखत होते. डरहमचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, विअर नदीच्या वळणातल्या उंच टेकडीवर आहे. बांधकाम 1093 मध्ये सुरू झालं. तिथल्या इव्हनसॉन्गला, म्हणजे गायलेल्या सायंप्रार्थनेला, मी आधी नुसती ऐकायला जाऊ लागले, नंतर एका कॉलेजच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे चार आवाजांतला वरून दुसरा, गायला लागले. तुम्हीही आधी ऐकाच. इव्हनसॉन्गला कुठेच तिकीट नसतं. वेस्टमिन्स्टर ॲबीत पर्यटकांना प्रवेशशुल्क पडतं, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला दार सगळ्यांना मोकळं असतं. जागा असेल तर क्वायरजवळच्या लाकडी आसनांवर बसवतात. तिथे बसा, मागे राहू नका. शब्द कसे उच्चारतात, श्वास कुठे घेतात, हे जवळूनच कळतं.

इव्हनसॉन्ग म्हणजे पाऊण तासाची सायंप्रार्थना. 1549 मध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅनमरच्या पुढाकाराने इंग्रजीतलं पहिलं प्रार्थनापुस्तक निघालं, त्यात मठांमधल्या व्हेस्पर्स आणि कॉम्प्लिन या दोन लॅटिन प्रार्थनांमधून ही एक घडवली. गाऊन म्हणायला आज बहुतेक ठिकाणी 1662 ची आवृत्ती वापरतात. पुरोहित आणि क्वायर यांची गायलेली सवाल-जवाबासारखी वाक्यं, मग त्या दिवसाची स्तोत्रं, जुन्या करारातलं वाचन, मरीयेचं गीत, नव्या करारातलं वाचन, शिमोनाचं गीत, श्रद्धावचन, पुन्हा प्रार्थना आणि शेवटी अँथम, म्हणजे क्वायरने गायलेली एक स्वतंत्र धार्मिक रचना. मरीयेचं आणि शिमोनाचं गीत यांना, ‘मॅग्निफिकॅट’ आणि ‘नंक डिमिटिस’ या त्यांच्या लॅटिन नावांवरून, क्वायरमधले लोक ‘मॅग अँड नंक’ म्हणतात. पहिल्या तालमीत हे दोन शब्द कानावर येतातच.

ही परंपरा अखंड चालत आली असं वाटतं, पण तसं नाही. सतराव्या शतकाच्या मध्यावर प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या, राजवटीत क्वायर बंद झाले, अनेक ठिकाणी ऑर्गन मोडले. डनबारच्या 1650 च्या लढाईनंतर डरहमच्या कॅथेड्रलमध्ये सुमारे 3,000 स्कॉटिश कैदी कोंडले होते. थंडीत त्यांनी आतलं लाकूडकाम जाळलं असं सांगतात. आज आपण ज्या कोरीव आसनांवर बसतो ती 1660 नंतर बिशप कॉझिनने करवून घेतलेली. त्या काळात एक पिढी गाण्याविना गेली, आणि तरी पुन्हा मुलांना शिकवून हे उभं राहिलं. रोज संध्याकाळी तालीम करणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलांकडे मी म्हणूनच फार आदराने बघते.

क्वायर समोरासमोर दोन भागांत उभा असतो. बहुतेक ठिकाणी दक्षिणेकडची बाजू डिकेनाय, उत्तरेकडची कॅन्टॉरिस. बोलताना नुसतं ‘डेक’ आणि ‘कॅन’. वारकरी हरिपाठाला समोरासमोर दोन रांगा करून एकेक चरण म्हणतात, तशीच स्तोत्रं इथे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. कोणत्या बाजूला उभं केलंय ते आधी पेन्सिलीने वहीवर लिहा. पेन्सिल नसलेल्या गायकाला कुठलाच क्वायर फार दिवस ठेवत नाही.

आता स्तोत्रांकडे. प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. पंधराव्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र येतं, ते सत्तरहून अधिक ओव्यांचं आहे. पूर्ण गायचं ठरलं तर अँथमपेक्षा तेच मोठं. हल्ली पुष्कळ कॅथेड्रल त्यातला काही भागच गातात. गाण्याची पद्धत अँग्लिकन चँट. साध्या चँटमध्ये फक्त दहा कॉर्ड (एकाच वेळी गायलेले निरनिराळ्या आवाजांचे स्वर): ओवीच्या पहिल्या अर्ध्याला चार, दुसऱ्याला सहा. दुहेरी चँट त्याच्या दुप्पट, दोन ओव्यांचा. प्रत्येक अर्ध्याच्या पहिल्या कॉर्डवर कितीही शब्द म्हणायचे, आणि मग खुणा केलेल्या अक्षरांवर स्वर बदलायचे.

कागदावर हे सोपं दिसतं. कठीण आहे ते बोलणं. इथे ताल शब्दांचा असतो, मात्रा मोजायच्या नसतात. नवखा माणूस पहिल्या कॉर्डवरचे शब्द घाईने उरकतो आणि शेवटचे स्वर ताणतो, म्हणून ओवी दोन तुकड्यांत पडते. ओवी मोठ्याने वाचताना तुम्ही जिथे जोर द्याल, जिथे हलके व्हाल, तसंच गायचं. ओवीच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं असतात, तिथे सगळे एकत्र थांबून श्वास घेतात. ती विश्रांती किती लांब असावी हे कोणी सांगत नाही. ती इमारतीच्या प्रतिध्वनीवरून आणि शेजारच्याच्या श्वासावरून कळते. मी महिनाभर रोज त्या दिवसाची स्तोत्रं खोलीत आधी नुसती वाचायचे, मग एकाच स्वरावर म्हणायचे, मग चँटवर. साइट-रीडिंग (नवं नोटेशन बघताच गाणं), उच्चार, इतरांचं ऐकणं, दम राखणं, सगळं त्यातून आलं. माझ्या मते यापेक्षा चांगली तालीम नाही. शब्द माइल्स कव्हरडेलच्या सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत आहेत. सुरुवातीला परके वाटतील, पण तोंडात बसले की अत्यंत गेय आहेत.

हिंदुस्थानी संगीतातून येणाऱ्यांना दोन गोष्टींची फार मदत होते. एक, आपला चल षड्ज. इथेही तशीच पद्धत आहे: नॉर्विचच्या सारा ग्लोव्हरने घडवलेली आणि जॉन कर्वेनने एकोणिसाव्या शतकात सुधारून पसरवलेली टॉनिक सोल-फा. त्यात ‘डो’ आपल्या सा सारखा सरकतो. नवी चाल समोर आली की आधी सा कुठे आहे ते ठरवा आणि मनात सरगम म्हणा. दुसरी, तानपुऱ्यावर तयार झालेला कान. विनावाद्य गाताना क्वायर हळूहळू खाली उतरतो. ज्याच्या मनात सा पक्का आहे तो शेजाऱ्यांना धरून ठेवतो.

सोडाव्या लागतात त्या सवयीही सांगते. मींड नको, एका स्वरावरून दुसऱ्यावर स्वच्छ जायचं. कंप कमीत कमी. आपला आवाज वेगळा ऐकू येत असेल तर तो जास्त आहे. लांब ओळीत सगळ्यांनी एकाच ठिकाणी श्वास घ्यायचा नाही, आळीपाळीने घ्यायचा. उच्चारात मराठी ट आणि ड फार ठोस पडतात. जीभ टाळूकडे न वळवता दातांमागच्या उंचवट्याला हलकी लावा. ओठ गोल करून काढायचा व आणि दातांनी काढायचा व वेगळे ठेवा. शेवटचा स सगळ्यांनी एकाच क्षणी टाकायचा, नाहीतर दगडी भिंतींमध्ये तो सापासारखा फिरत राहतो.

रचना कोणत्या? टॅलिसची ‘इफ यी लव्ह मी’ चार आवाजांची, लहान आणि सर्वांना जमणारी. ऑर्लँडो गिबन्सची शॉर्ट सर्व्हिस (मॅग अँड नंकसारख्या प्रार्थनागीतांना एकत्र दिलेल्या चालींना सर्व्हिस म्हणतात). स्टॅनफर्डची बी फ्लॅटमधली 1879 ची सर्व्हिस, ऑर्गनसह. विसाव्या शतकातला संगीतकार हर्बर्ट हॉवेल्स मात्र थोडा अनुभव आल्यावर घ्या. त्याने केंब्रिजचं किंग्ज कॉलेज, ग्लॉस्टर, लंडनचं सेंट पॉल्स अशा ठरावीक वास्तूंसाठी मॅग अँड नंक लिहिले, आणि प्रत्येकात त्या जागेचा प्रतिध्वनी धरलेला आहे. सेंट पॉल्ससाठीच्या रचनेत कॉर्ड सावकाश बदलतात, कारण त्या घुमटाखाली आवाज विरायला वेळ लागतो. लहान चॅपलमध्ये ती रचना गायलात की हे लगेच जाणवतं.

डरहममध्ये असाल तर इथल्याच माणसांचं संगीत गा. सतराव्या शतकातल्या विल्यम स्मिथची सवाल-जवाबाची चाल देशभर गातात. तो याच कॅथेड्रलमधला. जॉन बॅकस डाइक्स इथे प्रिसेंटर, म्हणजे गायनाची जबाबदारी असलेला पुरोहित, होता. ‘होली, होली, होली’ची 1861 मध्ये छापलेली चाल त्याची. शब्द रेजिनाल्ड हेबरचे, जो पुढे कलकत्त्याचा बिशप झाला, 1825 मध्ये मुंबईला येऊन गेला आणि 1826 मध्ये तिरुचिरापल्लीत वारला. मुंबईच्या चर्चमध्ये हे गीत ऐकलेलं कोणी वाचत असेल, तर त्याची चाल याच गावच्या माणसाची आहे.

श्रद्धेचा प्रश्न प्रत्येकाने आपापला सोडवायचा. मी श्रद्धावचनाच्या वेळी इतरांबरोबर पूर्वेकडे वळून उभी राहते, ते म्हणत नाही. आजवर कोणी हटकलं नाही. पण स्तोत्रं गाताना शब्द मनापासून म्हणते. त्यात राग आहे, भीती आहे, देवाला विचारलेला जाब आहे. ते नुसते स्वर म्हणून गाता येत नाहीत, आणि गाऊ नयेत असं मला वाटतं.

प्रवेशाचं थोडक्यात. कॉलेज क्वायरच्या चाचण्या वर्षाच्या सुरुवातीला होतात: तयार केलेलं एक गाणं, थोडं साइट-रीडिंग, वाजवलेल्या कॉर्डमधला मधला स्वर ओळखून गाणं. कॅथेड्रलच्या मुख्य क्वायरमध्ये वरचा आवाज मुलांचा, आणि खालचे तीन आवाज ले क्लार्क म्हणवणाऱ्या पगारी गायकांचे आणि कोरल स्कॉलरांचे, म्हणजे शिष्यवृत्तीवर गाणाऱ्या विद्यार्थ्यांचे. मुलींसाठी सॉल्सबरीने 1991 मध्ये वेगळा क्वायर सुरू केला आणि मग इतरत्र दारं उघडली. ती आधीच उघडायला हवी होती. ले क्लार्कच्या पगारावर घर चालत नाही. बहुतेक जण शिकवणं किंवा दुसरी नोकरी करतात. विद्यार्थी व्हिसावर असाल तर लग्नात गाण्याचं मानधन घेण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयात विचारा, कारण स्वतंत्र व्यवसाय आणि मनोरंजनाचं काम त्या व्हिसावर चालत नाही.

आणि शिक्षण संपलेलं, नोकरीत अडकलेलं कोणी असेल तर ऑगस्ट लक्षात ठेवा. तेव्हा कॅथेड्रलचे स्वतःचे क्वायर सुट्टीवर असतात आणि बाहेरचे हौशी क्वायर आठवडाभर इव्हनसॉन्ग गातात. त्यांना टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचे गायक, नेहमीच कमी पडतात. असा एखादा क्वायर वसंतातच गाठा, त्या आठवड्यातली स्तोत्रं कोणती ते विचारून घ्या आणि वाचायला लागा.