स्विंगला शिव्या घालण्याआधी हात बघा, मग क्लब: या चुका टाळा

सोलापुरात गोल्फ खेळतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात कुठं. गच्चीवर. दोरीवर दोन जुन्या सोलापुरी चादरी एकावर एक टाकल्यात, त्यात बॉल मारायचे आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याला जाऊन खऱ्या मैदानावर आपली लायकी बघून यायची. माझं दुखणं असं होतं की वेज (तिरप्या तोंडाचा, बॉल उंच उडवायचा क्लब) आणि नऊ नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) मारलं की बॉल डावीकडं, आणि ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) घेतला की उजवीकडं केळ्यासारखा वळणार. वर्षभर स्विंगच बदलत बसलो, यूट्यूबवरचा एक मास्तर सोडला नाही.

पहिली चूक हाताची. आपण गल्लीत नाहीतर पार्क मैदानावर बॅट धरून मोठे झालेलो, त्यामुळं दांडा तळहातात आवळायची सवय. पाणी आलेल्या दिवशी भरलेली बादली उचलताना कडी कुठं बसते बघा, बोटांतच ना? डाव्या हातात क्लबचा दांडा तसाच बसला पाहिजे, तळहातात गेला की मनगट आखडतं. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं वरून खाली बघितलं तर डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन, फार तर तीन गाठी दिसाव्यात. एकच दिसली तर क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, उघडा राहून बॉल उजवीकडं जायला बघतो, चारही दिसल्या तर डावीकडं. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवायची जुन्या काळच्या हॅरी वार्डन या गोल्फरसारखी की बोटात अडकवायची टायगर वुड्ससारखी, यावर लोक लई भांडतात, त्यात पडू नका, हाताला जमेल ते करा.

मी काय केलं, वेज डावीकडं जातंय म्हणून डावा हात फिरवून एक गाठ दिसेल असा धरला. बेन होगन या जुन्या गोल्फरनं हुक (बॉल हवेत डावीकडं वळणं) असाच आटोक्यात आणला होता म्हणे, म्हणून मीपण. पण त्याला हुक होता, मला नव्हता! माझे बॉल डावीकडं जात होते ते क्लबमुळं, आणि हात फिरवल्यावर चांगला चालणारा ड्रायव्हरपण बिघडला.

क्लब मामाचे. मामा सहा फूट, मी साडेपाच. त्याच्या मापाचं आयर्न मी जमिनीला टेकवलं की पुढचं टोक उचललं जायचं, खालनं पोस्टकार्ड सरकेल एवढं. टोक उचललं की फेस डावीकडं बघतो, आणि लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरपेपणा, जेवढा जास्त तेवढा हा घोळ जास्त, म्हणून वेजला सगळ्यात जास्त आणि ड्रायव्हरला जवळजवळ नाहीच. चादरीत मारताना बॉल कुठं चालला ते कळत नाही, त्यामुळं क्लबाप्रमाणं पडणारा हा फरक मला इतके दिवस दिसलाच नाही.

घरी तपासायचं असेल तर व्हाइटबोर्डच्या मार्करनं बॉलवर जाड उभी रेघ काढा, रेघ फेसकडं करून ठेवा आणि मारा. फेसवर उमटलेली रेघ सरळ उभी तर ठीक, वरचं टोक क्लबच्या टोकाकडं झुकलं तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे, उलट्या बाजूला झुकलं तर जास्त आडवा.

ग्रिपची, म्हणजे दांड्यावरच्या रबरी मुठीची, जाडी पण बघा. डाव्या हाताची मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत, रुतली तर ग्रिप बारीक, मधे फट राहिली तर जाड. आणि मे महिन्यात क्लब गच्चीवर टाकून जाऊ नका, उन्हानं रबर कडक गुळगुळीत होतं, मग ते निसटू नये म्हणून आपण अजून आवळतो. साबणाच्या पाण्यानं धुवा, नाहीच सुधारलं तर बदला. शाफ्ट (दांडा) मात्र मित्राकडं स्टिफ, म्हणजे कमी वाकणारा, आहे म्हणून स्टिफ घेऊ नका, एवढंच सांगतो.

फिटिंगला, म्हणजे क्लब आपल्या मापाचे करून घ्यायला, जायच्या आधी हात नीट करा, नाहीतर चुकीच्या पकडीला बरोबर बसेल असा क्लब करून मिळतो आणि पुढं पकड सुधारली की परत बोंब. मी महिनाभर दोन गाठी मोजत बसलो, मग पुण्याला जाऊन आयर्न २ डिग्री आडवे वाकवून घेतले, अर्धा इंच कापले. कापल्यावर क्लबचं डोकं हलकं वाटतं, आठवडाभर विचित्र लागतं, घाबरू नका. वेज आता सरळ जातंय.

मामा निवृत्त झालाय, परत खेळायचं म्हणतोय, क्लब कधी आणून देतोस विचारत होता. कापलेत हे अजून सांगितलं नाही.