मयेच्या तळ्यावर स्वतः बोट चालवायची असेल तर

पाहुणे आले की आम्ही गोव्यातले डिचोलीकर त्यांना मयेच्या तळ्यावर नेतोच. चारी बाजूंनी डोंगर, काठावर माड आणि मधे हिरवेगार, शांत पाणी. दोन दिवस समुद्रकिनाऱ्यावर फिरून थकलेल्या माणसाला इथे आल्याबरोबर बरे वाटते. मग कोणीतरी विचारतोच, "आपण स्वतः चालवायची बोट मिळेल का?"

माझे बाबा रायबंदर-चोडण फेरीबोटीवर खलाशी होते. निवृत्त झाले तरी पाणी दिसले की आधी उभे राहून बघतात आणि मग बोलतात. लहानपणी मला होडीत बसवताना ते म्हणायचे, "वारें खंयच्यान येता तें पयलीं पळय." वारा कुठून येतो ते आधी बघ. पुढे जे काही सांगणार आहे, ते बहुतेक या एका वाक्यातून आलेले आहे.

स्वतः चालवायची बोट म्हणजे भाड्याच्या गाडीसारखी गोष्ट वाटते, पण गाडीत पाय ब्रेकवर असतो आणि रस्ता हलत नाही. इथे तसे नाही. नावाडी नाही म्हणजे तांडेल तुम्ही. बोटीत बसलेल्या प्रत्येकाला परत धक्क्यावर आणायची जबाबदारी तुमची.

सुरुवात तळ्यानेच करा, खाडीने नाही. तळ्याला भरती-ओहोटी नसते, त्यामुळे विचार फक्त वाऱ्याचा करावा लागतो. मये त्यासाठी उत्तम. डिचोली शहरापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. पणजीहून येणार असाल तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर या आणि तिथून पूल ओलांडून मयेला पोहोचा. हा रस्ता स्वतःच एक सहल आहे. वाटेत खारफुटीतले सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. वेळ असेल तर परतताना नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे दर्शनही घ्या. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये या देवळाचा जीर्णोद्धार केला होता.

निघण्यापूर्वी फोन करून बोटी सुरू आहेत का ते विचारा. पायडल बोटी दुरुस्तीला गेल्या असतील तर लांबून आलेल्या मुलांचा हिरमोड होतो. जून ते सप्टेंबर हा बेतच करू नका. पावसात पाणी गढूळ होते, डोंगरावरून ओहळ येऊन मिळतात आणि वारा क्षणात फिरतो. पाऊस सरल्यावर तळे काठोकाठ भरलेले असते, तेव्हा मला ते सगळ्यात आवडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते.

आता वेळ. गोव्यात सकाळी वारा पडलेला असतो. ऊन तापले की साधारण अकराच्या पुढे समुद्राकडून वारा सुटतो. मयेसारख्या आतल्या भागात तो जरा उशिरा पोहोचतो, पण पोहोचतो. दुपारी तीनच्या सुमाराला, विशेषतः मार्च ते मे या काळात, पाण्यावर बारीक लाटा उठलेल्या दिसतील. म्हणून सकाळी पोहोचा. तिकिटाची खिडकी उघडायच्या वेळी तिथे असलात तर पाणी आरशासारखे मिळते आणि रांगही नसते.

हे मी तीन वर्षांपूर्वी त्रास सोसून शिकले. ठिकाणाचे नाव नको, मये नव्हे ते. नणंद आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा बरोबर होता. दुपारचे तीन वाजले होते. पायडल मारायला लागलो तर बोट अशी सरसर निघाली की आम्हाला वाटले, किती सोपे आहे हे! पाठीवरचा वारा आम्हाला ढकलत होता हे तेव्हा लक्षात आले नाही. पलीकडच्या टोकाला जाऊन वळलो आणि मग बोट जागची हलेना. पायडल बोट म्हणजे एक उंच, हलका डबा. वारा तिला पानासारखा उडवतो. वीस मिनिटे आम्ही दोघींनी जीव काढून पायडल मारले आणि काठावरचे तेच माडाचे झाड शेजारी दिसत राहिले. शेवटी बोट काठाला लावली, पाण्यावर आलेली करंजाची फांदी धरली आणि धक्क्यावरच्या माणसाला फोन केला. तो येईपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात माझे सगळे लक्ष भाच्याच्या लाइफ जॅकेटकडे होते. मोठ्या माणसाचे जॅकेट त्याला "चलता" म्हणून घालून दिले होते आणि ते त्याच्या कानांपर्यंत वर सरकले होते. तो पाण्यात पडला असता तर जॅकेट तरंगले असते आणि तो त्यातून खाली निसटला असता. माझे हात गार पडले होते.

घरी आल्यावर बाबांनी एवढेच विचारले, "जाताना वारा कुठे होता?"

म्हणून नियम असा: जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी घ्या. ताकद आहे तोवर कष्टाचा भाग संपवायचा म्हणजे थकल्यावर वारा घरी आणून सोडतो. वारा कुठला ते कळत नसेल तर काठावरच्या माडांच्या झावळ्या बघा, पाण्यावरच्या लहरी कोणत्या दिशेला सरकतात ते बघा, हाताचे बोट ओले करून वर धरा. आणि भाडे अर्ध्या तासाचे असेल तर बारा मिनिटे झाली की वळा. पंधराव्या मिनिटाला वळणारा माणूस उशिराच येतो.

पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. वेळ कधीपासून मोजणार, बोटीत बसल्यापासून की पावती फाडल्यापासून? कुठवर जायला परवानगी आहे? बोट अडकली तर आणायला दुसरी बोट आणि माणूस आहे का? फोन कुठल्या नंबरवर करायचा? या शेवटच्या दोन प्रश्नांना नीट उत्तर मिळाले नाही तर मी तिथून परत फिरते. बोटीवर आधीचे ओरखडे किंवा तुटलेले पायडल असेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि त्या माणसालाही दाखवा.

मग बोट तपासा. फायबरची बोट आतून पोकळ असते. धक्क्याला बांधलेली असतानाच एका बाजूने हाताने दाबून हलवा आणि कान द्या. आत खळखळ ऐकू आली तर पोटात पाणी शिरले आहे, दुसरी बोट मागा. अशी बोट बुडत नाही लगेच, पण आतले पाणी एका बाजूला धावले की ती त्याच बाजूला कलते. मागे किंवा तळाशी पाणी काढायचे बूच असते, ते घट्ट आहे का बघा. दोन्हीकडची पायडले उलटसुलट फिरवा. सुकाणूचा दांडा दोन सीटांच्या मधे असतो. तो हलवल्यावर मागचे पाते हलते का हे दुसऱ्याला बघायला सांगा.

लाइफ जॅकेट मात्र अजिबात घाईत घालू नका. आपल्या मापाचे घ्या, सगळे बकल लावा, पट्टे ओढा. मग दुसऱ्याने दोन्ही खांद्यांवर धरून ते वर उचलायचे. हनुवटीच्या वर गेले तर सैल आहे. मुलांना मुलांच्याच मापाचे हवे आणि पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावायचाच. मुलाच्या मापाचे नाही म्हणाले तर त्या दिवशी मुलाला घेऊन काठावर बसा, पाणकावळे बघा. बोट पुन्हा मिळेल. आणि पोहता येते म्हणून जॅकेट काढून सीटवर ठेवू नका. थकलेल्या, कपड्यांसकट पाण्यात पडलेल्या माणसाचे पोहणे वेगळे असते.

बसताना एकेकाने, खाली वाकून, पाऊल बोटीच्या मधोमध. वजनदार माणसे एकाच बाजूला नकोत. निघाल्यावर पहिली दोन मिनिटे धक्क्याजवळच एक गोल मारा. काही बोटींत दांडा डावीकडे केला की बोट डावीकडे वळते, काहींत उजवीकडे. हे मोकळ्या पाण्यात कळलेले बरे. सुकाणू बोट चालत असेल तरच ऐकते. पायडल थांबवून दांडा कितीही फिरवा, बोट वळणार नाही. थांबायचे असेल तर उलटी पायडले मारा, तोच ब्रेक. कमळाच्या किंवा शेवाळाच्या वेलात पायडल जड झाले तर जोर लावू नका. उलटे फिरवा, वेल सुटतो. फोटोसाठी उभे राहणे, जागा बदलणे, दोन बोटी एकमेकींना आपटणे यातले काहीही नको. हे सांगताना मी कडक होते, मुलांना माझा राग येतो, तो येऊ दे.

कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, हवा असेल तर तो बहुधा खाडीच्या बाजूला मिळतो. नेरूलला, साळ नदीवर, चोडणच्या खारफुटीत. दोघांच्या कयाकमध्ये ताकदीचा माणूस मागे बसतो कारण दिशा मागून मिळते. वल्हे डोक्यावर धरा, दोन्ही कोपर काटकोनात आले की हात बरोबर जागी आहेत. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे. उजवीकडून लांब, रुंद वल्हे मारले की नाक डावीकडे जाते. कयाक उलटलाच तर तो सोडून काठाकडे पोहू नका. त्याला धरा, सुलटा करा, बाजूने पाय मारत पोट वर चढवा आणि मग वळून बसा. हे आधी उथळ पाण्यात एकदा करून बघा, बरोबर शिकवणारा असताना.

खाडीत वाऱ्याच्या जोडीला भरती-ओहोटी येते. आमच्याकडे जुनी माणसे तिथीवरून हिशेब करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन. रोज ही वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. नदीत जसजसे आत जाल तसा त्याहून उशीर. हा अंदाज, निघण्यापूर्वी त्या दिवसाचा भरतीचा तक्ताही बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी जोरात ओढते. अष्टमीच्या आसपास भांग असते, ओढ कमी. पहिल्यांदा खाडीत जाणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत आणि पूर्ण भरतीच्या थोडे आधी उतरावे. ओहोटीच्या वेळी खारफुटीत शिरलात तर बोट चिखलात बसते आणि त्या चिखलात पाय मांडीपर्यंत जातो.

मांडवी आणि जुवारी जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत. तिथे जाणकार नावाडी घेऊनच जा, हात पाण्यात सोडू नका. बोरी गावात पौषात चिखलाची मगर थापून पूजा करतात. पाण्याकाठी पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माणसांनी मगरीशी जोडलेले ते नाते आहे. त्या मगरीला चिप्स टाकणारे पर्यटक बघितले की मला वाईट वाटते. करमळीच्या तळ्याचेही तसेच. ते पक्ष्यांचे आहे, अडई बदके आणि जांभळी पाणकोंबडी काठावरून दुर्बिणीने बघा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. आमच्या डिचोली-साखळी भागात बंद पडलेल्या खाणींचे खंदक पाण्याने भरले आहेत. वरून निळेशार, फोटोत सुंदर. त्यांना काठ नसतो. पहिल्याच पावलाला खोल पाणी, आणि बाहेर यायला धरायला काही नाही, हाताला येते ती फक्त सुटी माती. कोणी हवा भरून फुगवायची बोट घेऊन "चल, तिथे जाऊ" म्हणाले तर जाऊ नका, त्यालाही जाऊ देऊ नका.

पाण्यात असताना काही बिघडले तर बोटीतच राहा. बोट तरंगते, ती लांबून दिसते आणि तिला धरता येते. शिट्टी जवळ ठेवा, ओरडण्यापेक्षा तिचा आवाज लांब जातो. फोन जलरोधक पिशवीत, गळ्यात. तातडीच्या मदतीचा 112 हा नंबर सगळ्यांना पाठ हवा. टोपी, पाणी, आणि उन्हात भाजू नये म्हणून लांब बाह्यांचा सदरा.

परत येताना धक्क्याच्या दहा-बारा हात अलीकडेच पायडल सोडा. बोट आपल्या वेगाने येते. शेवटच्या क्षणी हाताने धक्का अडवायला जाऊ नका, बोट आणि काँक्रीटच्या मधे बोटे चिरडतात. दोरी फेका किंवा धक्क्यावरच्या माणसाला बोट धरू द्या. ती बांधली गेली, हलायची थांबली की आधी मुलांना वर द्या, मग बाकीचे एकेक करून. शेवटी उतरायचे ते तुम्ही. बाबा फेरीबोटीवर चाळीस वर्षे असेच शेवटी उतरले आणि मयेला बरोबर आले की आजही धक्क्यावर उभे राहून बोटीतून वर येणारी माणसे मोजतात.