कोरोनाचे मृत्यू मोजताना या चुका टाळा

नागपुरात आजही कोरोनाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "बाबा कोरोनानं नाही, शुगरनं गेले." ही चूक सगळ्यात जास्त होते आणि मला सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो.

आमच्या ओळखीतले दोन सख्खे भाऊ याच वाक्यावरून तेरवीच्या दिवशी भांडले. मोठ्यानं महापालिकेचा मृत्यू दाखला सगळ्यांसमोर धरला, "दाखव ना भाऊ, कुठं लिहिलंय कोरोना?" अहो, त्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतंच! कारण असतं डॉक्टरांनी भरलेल्या नमुना ४ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात. त्याच्या पहिल्या भागात साखळी येते: श्वास बंद पडला, त्याआधी न्यूमोनिया, मुळाशी कोविड. शुगर, बीपी दुसऱ्या भागात. सहव्याधीला मूळ कारण धरू नका, हे आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २०२० मध्येच सांगितलं होतं. दोघांपैकी एकानंही हा कागद पाहिला नव्हता. मी तरी तो वाचल्याशिवाय अशा वादात तोंड उघडत नाही.

दुसरी चूक, नागपूरचा आकडा म्हणजे नागपूरकरांचा आकडा समजणं. मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटचे रुग्ण येत होते. रोजच्या अहवालात शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरचे असे वेगळे रकाने असायचे. एकूण बेरीज शहराच्या लोकसंख्येनं भागून "आपल्याकडेच सगळ्यात जास्त मेले" म्हणणं चूक आहे.

अहवालाची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. जुने मृत्यू मागाहून जोडले जात, त्यामुळे एखाद्या दिवशीची उसळी पाहून घाबरू नका.

आणि आता ४७ लाखांचा आकडा, जो लोक सरकारी आकड्याशी थेट ताडून पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये भारतासाठी दिलेला हा अंदाज २०२०-२१ मधल्या जादा मृत्यूंचा, म्हणजे नेहमीच्या अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा आहे. त्यात उपचार न मिळाल्यानं गेलेलेही येतात. सरकारी ४.८१ लाख म्हणजे नोंदलेले कोविड मृत्यू. केंद्रानं त्या अंदाजाच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला होता. पुढे नागरी नोंदणीत, म्हणजे सगळ्या कारणांच्या जन्म-मृत्यू नोंदणीत, २०२१ चे मृत्यू १.०२ कोटी निघाले, २०२० चे ८१ लाख होते. लगेच वजाबाकी करून सगळा फरक कोरोनाच्या नावावर टाकणाऱ्यांना फार घाई असते. नोंदणीचं प्रमाणही दरवर्षी बदलतं, आणि २०२० सुद्धा साथीचंच वर्ष होतं. तुलना करायचीच तर २०१९ पासून मागची वर्षं घ्या.