पाळणाघरात रक्त सांडले तर
मुलाचा घोळणा फुटला की सांभाळणाऱ्या ताई घाईने उघड्या हातानेच रक्त पुसतात. परंतु हेपटायटिस बीचा (रक्तातून पसरणाऱ्या, यकृताला सूज आणणाऱ्या आजाराचा) विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकत असल्यामुळे हातमोजे कपाटात कुलूपबंद न ठेवता चटकन हाताशी येतील असे ठेवावेत (रडते मूल कडेवर घेऊन किल्ली शोधणे कोणालाच जमत नाही). फरशीवरचे रक्त कागदाने टिपून, एक भाग घरगुती द्रव ब्लीच व नऊ भाग पाणी यांचे ताजे द्रावण त्या जागी ओतून 10 मिनिटे राहू द्यावे आणि तोवर मुलांना दूर ठेवावे. हातमोजे काढल्यावरही हात साबणाने धुवावेत. मुलाच्या चावण्याने रक्त आले, तर जखम न पिळता साबण व वाहत्या पाण्याने धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हेपटायटिस बी लशीचे डोस कामावर रुजू होतानाच सुरू करावेत.