मजुरांच्या उपजीविकेसाठी अनुदान कसे मागावे: खान्देशातील लहान संस्थांसाठी

नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागेवर, देठ खुडणाऱ्या बायकांना मजुरी वजनावर मिळते, तर दिवाळीनंतर सातपुड्यातून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची मजुरी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतच (आगाऊ रकमेतच) वळती होते. अशा मजुरांची कमाई वाढावी म्हणून एखाद्या कंपनीकडे किंवा देणगी देणाऱ्या न्यासाकडे जायचे असेल, तर प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एक वही घ्यावी आणि दहा-पंधरा घरांचा वर्षभराचा जमाखर्च त्यांच्याच तोंडून उतरवून घ्यावा: कोणत्या महिन्यात काम कुठे असते, दिवसाला हातात किती पडते, उचल किती घेतली होती आणि ती फिटली का, पावसाळ्यात चूल कशावर चालली. ‘सक्षमीकरण’ हा शब्द प्रत्येक प्रस्तावात असतो. अशी वही फार थोड्यांकडे असते, आणि देणाऱ्याचे प्रश्न सुरू झाले की तीच उपयोगी पडते.

हे मी चूक करून शिकलो. आमच्या पहिल्या प्रस्तावात शिवणकामाचे वर्ग ऐन मिरचीच्या हंगामात ठेवले होते. पहिल्या आठवड्यानंतर वर्गात चार जणी उरल्या. बाकीच्या पथारीवर होत्या, आणि संध्याकाळी आल्या तरी तिखटाने जळजळणाऱ्या बोटांनी त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च असते. ऊसतोडीच्या मजुराचे वर्ष मात्र दिवाळीला सुरू होते, आणि तो गावी सापडतो तो होळी-आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पुढे. मंजुरी मिळून पहिला हप्ता हाती येईपर्यंत गाव रिकामे झालेले असेल, तर कामाचे वेळापत्रक तसे आखून प्रस्तावातच तसे लिहावे.

कागदपत्रांचा भाग रुक्ष असला तरी सरळ आहे. संस्था सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालील ना-नफा कंपनी असावी, तिच्याकडे आयकराची 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही प्रमाणपत्रे असावीत आणि तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव असावा. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून (सीएसआर) पैसे घ्यायचे तर 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक आहे. संस्था नवी असेल, तर जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या भागीदारीत काम सुरू करावे. परदेशी देणगीसाठी एफसीआरए या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली वेगळी परवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. त्यामुळे एखादी मोठी संस्था तिकडून आलेल्या पैशातून वाटा देईल, या भरवशावर राहू नये.

मागायचे कोणाकडे, हे कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 वरून उमगते. ज्या कंपनीचा वार्षिक निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा अधिक, उलाढाल 1000 कोटी किंवा अधिक, अथवा नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) 500 कोटी किंवा अधिक आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, आणि आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य देण्याची अपेक्षाही कायद्यात आहे. कोणती कामे चालतात त्याची यादी कायद्याच्या परिशिष्ट 7 मध्ये आहे; तीत रोजगारक्षम कौशल्ये आणि उपजीविका वाढवणारे प्रकल्प बसतात. नंदुरबार हा आकांक्षित जिल्हा, म्हणजे केंद्र सरकारने विकासात मागे म्हणून खास लक्ष देण्यासाठी निवडलेला जिल्हा आहे, ही गोष्ट पहिल्याच पानावर यावी. मात्र एखाद्या कारखान्याकडे त्याच्याच कामगारांसाठी हा निधी मागू नये; स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही.

अंदाजपत्रकात बहुतेक संस्था संकोच करतात, आणि तिथेच फसतात. प्रशिक्षणाला येणाऱ्या बाईचा रोज बुडतो. ती बुडीत मजुरी भरून देण्याची तरतूद नसेल, तर सगळ्यात गरीब बाई आधी गळते आणि ज्यांना परवडते त्याच हजेरीपटावर उरतात. पर्यवेक्षकाचा पगार, गावोगाव फिरण्याचा खर्च आणि हिशेबनिसाचे मानधनही स्पष्ट लिहावे. प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांपुरताच असावा, असे काही वेळा समोरून सांगितले जाते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावरील खर्चाला आहे, प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याच्या आणि त्यावर देखरेख ठेवण्याच्या खर्चाला नाही; हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे.

मिरची कांडप यंत्रासारखी वस्तू घ्यायची असेल, तर मालकी कोणाची हे आधी ठरवावे. 2021 च्या नियमांनुसार अशी मालमत्ता लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या नावे ठेवता येते, आणि तसेच करावे, कारण संस्थेच्या नावावरचे यंत्र प्रकल्प संपला की बहुधा कुलूपबंद खोलीत धूळ खाते. वीजबिल आणि दुरुस्ती गटाच्या कमाईतून कशी निघेल, याचा महिन्याचा हिशेब प्रस्तावाला जोडावा.

पुढचे हप्ते विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि प्रगती अहवालावर मिळतात. अहवालात किती जणी शिकल्या हे येतेच. त्याखाली पहिल्या वहीतल्या त्याच घरांची सहा महिन्यांनंतरची कमाई आणि उचल लिहावी, आणि एखाद्या घराने पुन्हा उचल घेतली असेल तर तेही लिहावे.