संगीत शिकवण्यात व्हीआर आणि मेंदूविज्ञान: या कामात येणाऱ्यांसाठी

संगीत शिकवायला व्हीआर (हेडसेट डोळ्यांवर चढवून अनुभवायचं आभासी जग) आणि मेंदूविज्ञान वापरायच्या या फील्डमध्ये यायचंय म्हणणारी मुलं हल्ली मुंबईत बरीच भेटतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, हेडसेट कुठला घेऊ. हेडसेट नंतर हो, आधी दादर-पार्ल्याच्या एखाद्या तबल्याच्या क्लासला परवानगी घेऊन कोपऱ्यात बसा, मुलं नेमकी कुठे अडतात ते बघा.

हवेत हात हलवून तबला शिकवणारं अ‍ॅप करावंसं सगळ्यांनाच वाटतं, पण डग्ग्यावर मनगटाचा दाब जरा बदलला की घुमारा बदलतो, तो दाब हवेत कसा कळणार? व्हीआर खरं कामाला येतं ते स्टेजच्या भीतीसाठी. घरी तीनतालाच्या 16 मात्रा चोख धरणारी मुलगी परीक्षकांसमोर बसली की हात गार पडतात, लय पळते, तिला तो हॉल, ते टेबल, ती शांतता आधीच पुन्हापुन्हा अनुभवता आली तर केवढा फरक पडेल! लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकने असे आभासी प्रेक्षक आणि परीक्षक उभे केलेत, ते काम आधी वाचा. आणि ब्लूटूथ हेडफोन नको, थाप आता आणि आवाज मागाहून असं झालं की लय शिकवणं संपलंच, वायरवाला घ्या.

मेंदूविज्ञानाच्या बाजूने बघितलं तर 1995 चा एक गाजलेला अभ्यास आहे, तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांची जागा जास्त मोठी दिसली, लहानपणी सुरुवात केलेल्यांत तर अजूनच. छानच आहे, पण उद्याच्या तासाला काय शिकवायचं ते त्यातून कळत नाही, त्यासाठी स्वतः मोजायला शिकायला हवं. ईईजीची, म्हणजे मेंदूतले विजेचे सिग्नल टिपणारी, टोपी घातली की आपल्या दमट हवेत घाम येतो आणि सिग्नल वाहवत जातो, त्यामुळे एसी खोली लागतेच. शिवाय समेला मान डोलली, दात आवळले की स्नायूंचे सिग्नल मेंदूच्या सिग्नलवर चढतात, म्हणून सुरुवात वाजवण्यापासून नको, नुसतं ऐकताना रेकॉर्ड करा. मुलं लहान असतील तर पालकांची लेखी संमती, त्यात तडजोड नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि युनिटी हे व्हीआर बनवायचं सॉफ्टवेअर घरबसल्या येतं. पवईला आयआयटीत आयडीसी या डिझाइनच्या विभागात इंटरॅक्शन डिझाइन, म्हणजे माणूस यंत्र कसं वापरतो त्याचं डिझाइन, आहे, बायोइंजिनिअरिंगचा विभागही तिथेच, दोन्हीकडची माणसं गाठा. आणि स्वतःचा रियाज सोडू नका, लय चुकली हे आधी तुमच्या कानाला कळायला हवं, ग्राफ नंतर.