मॉलिक्यूल फेज ३ मध्ये आहे, म्हणजे नक्की कुठं आहे?

नव्या औषधाच्या, म्हणजे मॉलिक्यूलच्या, माणसांवरच्या चाचण्या (ट्रायल्स) टप्प्याटप्प्यानं होतात: फेज १ बहुधा निरोगी लोकांत, फेज २ मोजक्या रुग्णांत, फेज ३ शेकडो-हजारोंत, हे तुम्हाला पाठ आहे असं धरून चालते. तोंडी परीक्षेला तेवढं पुरतं. पाइपलाइन ट्रॅकिंगच्या, म्हणजे कुठलं औषध चाचणीच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे टिपत राहण्याच्या, नोकरीत पहिल्याच आठवड्यात ते अपुरं पडतं. समोर एक्सेल शीट, त्यात मॉलिक्यूल्सची लांबलचक रांग आणि शेवटी ‘स्टेटस’चा कॉलम. सगळ्यात सोपा तोच वाटतो, आणि नव्या माणसाच्या बहुतेक चुका त्याच कॉलममध्ये सापडतात.

रजिस्ट्रीवर, म्हणजे ट्रायल्सच्या सार्वजनिक नोंदवहीत, ‘कम्प्लीटेड’ लिहिलंय म्हणजे औषध पास झालं असं नाही. शेवटच्या रुग्णाची शेवटची व्हिजिट उरकली, एवढाच त्याचा अर्थ. निकाल सपशेल वाईट असला तरी ट्रायल ‘कम्प्लीटेड’च असते. ‘टर्मिनेटेड’ म्हणजे औषधानं घात केला असंही नेहमी नसतं, कधी रुग्णच मिळत नाहीत, कधी पैसे संपतात. ‘विथड्रॉन’ म्हणजे एकही रुग्ण घेण्याआधीच गुंडाळलेली ट्रायल. थांबवण्याचं कारण नोंदीत बहुधा एका ओळीत असतं. ती ओळ वाचा, बातमी नंतर वाचा.

आता खरी अडचण सांगते. मी यात बरेच महिने घालवलेत, त्यामुळे जरा जास्तच बोलणार आहे.

मार्कर, म्हणजे लॅबमध्ये मोजलेला आकडा, सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असं नव्हे. ‘हे काय, माहितीये की,’ असं म्हणाल. परीक्षेत माहीत असतं. पण प्रेस रिलीजमध्ये पहिल्याच ओळीत घसघशीत टक्केवारी दिसते आणि हात आपोआप ‘पॉझिटिव्ह’ टाइप करतो. म्हणून औषधांचं एक कुटुंब नीट वाचाच: सीईटीपी इनहिबिटर्स.

कल्पना देखणी होती. ज्यांचं एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) जास्त त्यांना हृदयविकार कमी, हे लोकसंख्येच्या अभ्यासांत दिसत होतं. सीईटीपी हे प्रथिन एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल दुसऱ्या कणांकडे वळवतं, ते रोखलं की एचडीएल वाढतं. फायझरच्या टॉर्सेट्रापिबनं ते वाढवून दाखवलं. इल्युमिनेट नावाच्या फेज ३ ट्रायलमध्ये १५,०६७ रुग्ण होते आणि दोन्ही आर्म्सना, म्हणजे टॉर्सेट्रापिब घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांना, ॲटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध चालू होतं. वर्षभरात टॉर्सेट्रापिबच्या आर्ममध्ये एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) २५ टक्क्यांनी उतरलं. असा लॅब रिपोर्ट हातात आला तर कुठलाही फिजिशियन खूश होईल. आणि २ डिसेंबर २००६ रोजी ट्रायल थांबवली गेली, कारण औषधाच्या आर्ममध्ये माणसं जास्त मरत होती. प्रसिद्ध झालेल्या निकालात ९३ विरुद्ध ५९ मृत्यू आहेत.

का? सिस्टॉलिक (वरचा) रक्तदाब सरासरी ५.४ मिमी एचजीनी वाढला होता, अल्डोस्टेरॉन हे रक्तदाब चढवणारं हॉर्मोन वाढलं होतं, पोटॅशियम उतरलं होतं. म्हणजे मॉलिक्यूल सीईटीपीखेरीज आणखी कुठंतरी हात घालत होतं. रक्तदाब थोडा चढतो हे आधीच्या ट्रायल्समध्येही दिसलं होतं. ते सेफ्टीच्या तक्त्यात होतं आणि एचडीएल मथळ्यात.

बरं, दोष एकट्या टॉर्सेट्रापिबचा म्हणावा, तर पुढची भावंडं बघा. रोशचं डॅल्सेट्रापिब २०१२ मध्ये थांबलं: एचडीएल वाढलं, फायदा शून्य. लिलीच्या इव्हॅसेट्रापिबनं तर एचडीएल १३३ टक्क्यांनी वाढवलं, एलडीएल ३१ टक्क्यांनी पाडलं, आणि हृदयाच्या घटना (हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे)? औषधावर १२.९ टक्के, प्लासिबोवर (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीवर) १२.८. हा आकडा मला अजून अस्वस्थ करतो. इथं कुणाला अपाय झाल्याचं दिसलं नाही, लिपिड प्रोफाइल चकचकीत झालं, आणि रुग्णाच्या आयुष्यात काडीचा फरक पडला नाही. शेवटी मर्कचं ॲनासेट्रापिब. रिव्हील ट्रायल, ३०,४४९ रुग्ण, मध्यक चार वर्षांहून जास्त फॉलो-अप, घटना ११.८ वरून १०.८ टक्क्यांवर. प्रायमरी एंडपॉइंट, म्हणजे ट्रायलची आधीच ठरवलेली मुख्य कसोटी, गाठला! तरी ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीनं मंजुरीसाठी अर्जच करायचा नाही असं ठरवलं. फायदा लहान, आणि औषध शरीरातल्या चरबीत साठून राहतं. तेव्हा शीटमध्ये ‘फेज ३ यशस्वी’ लिहूनही मॉलिक्यूल बाजारात येईलच असं नाही.

यातून ‘सरोगेट एंडपॉइंट (रुग्णाच्या प्रत्यक्ष फायद्याऐवजी मोजलेला मार्कर) म्हणजे फसवणूक’ असा सोयीचा निष्कर्ष काढू नका. एचआयव्हीत व्हायरल लोडवर (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावर) औषधं मंजूर होतात आणि ते रास्त आहे. मधुमेहात एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) चालतं, पण रोझिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधानं हृदयाला धोका होतो का, या वादानंतर २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं हृदयाच्या धोक्याचाही हिशेब मागायला सुरुवात केली. मार्करवर भरवसा किती, हे आजारागणिक आणि औषधाच्या यंत्रणेगणिक ठरतं. त्याला शॉर्टकट नाही.

मला हे शिकवलं आमच्या बायोस्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी, तेही फार न बोलता. नोट घेऊन गेलं की चष्म्यावरून बघत एवढंच म्हणायच्या, “प्रायमरी कुठंय?” आणि कागद परत. राग यायचा. आता मीही नव्या पोरांना तेच विचारते. माझं स्पष्ट मत: या क्षेत्रात गुरू करायचा तर आकडेवाल्याला करा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या डिप्लोमांवर घरच्यांचे पैसे घालू नका. तिथं मिळणाऱ्या स्लाइड्सपेक्षा २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स स्वतः वाचलेले बरे, आणि ते फुकट आहेत.

माझी पद्धत साधी आहे. रजिस्ट्रीतला प्रायमरी एंडपॉइंट शब्दशः उतरवून घ्यायचा. हे रुग्णाला स्वतःला जाणवणारं काही आहे, की फक्त लॅबच्या कागदावरचा आकडा, हे बाजूला लिहायचं. मग नोंदीचा जुना इतिहास उघडायचा. अमेरिकन रजिस्ट्रीवर (ClinicalTrials.gov) प्रत्येक बदल तारखेनिशी दिसतो. भरती संपल्यावर प्रायमरी एंडपॉइंट बदललेला दिसला तर तिथं लाल रंग. सीटीआरआयवर (भारताची ट्रायल्सची रजिस्ट्री) तर बहुतेक नोंदणी क्रमांकांतच वर्ष आणि महिना असतो, तो पहिला रुग्ण घेतल्याच्या तारखेशी ताडून बघा. आपल्याकडे १५ जून २००९ पासून आधी नोंदणी मगच भरती असा दंडक आहे, पण जुन्या नोंदींत उलटा क्रमही सापडेल.

मॉलिक्यूल कंपनीतल्या कोडनेमनंही शोधा, नाहीतर निम्म्या ट्रायल्स हुकतील. वोक्हार्टच्या छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रातलं नॅफिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आधीच्या नोंदींत ‘डब्ल्यूसीके ४८७३’ म्हणून आहे. आणि अँटिबायोटिकची ट्रायल हृदयाच्या मापानं मोजू नका. न्यूमोनिया बरा झाला की नाही हे काही दिवसांत कळतं, त्यामुळे रुग्ण काहीशे असले तरी चालतं. तिथं प्रश्नही बहुतेकदा ‘जुन्या औषधापेक्षा कमी तर पडत नाही ना’ असाच असतो.

घाबरला असाल तर सांगते, केमिस्ट्री कच्ची असली तरी हे काम जमतं. माझी आजही कच्चीच आहे. बीएचएमएस, बीएस्सी झालेली माणसं इथं उत्तम काम करतात. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, पण तक्ता वाचायचा कंटाळा असेल तर खरंच दुसरं काहीतरी बघा.

जमलं तर ऑफिसात येण्याआधी वर्षभर एखाद्या हॉस्पिटलच्या साइटवर (जिथं ट्रायल चालते तिथं) सीआरसी, म्हणजे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणून काढा. पगार तोकडा, आणि ‘एम.फार्म. करून फायली सांभाळतेस?’ हे नातेवाइकांकडून ऐकावं लागतं. पण पेरणीच्या दिवसांत गावाकडचा रुग्ण व्हिजिटला येत नाही, फोन लागत नाही, आणि तक्त्यात तो ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ होतो, हे तिथंच कळतं. सीरियस ॲडव्हर्स इव्हेंट (रुग्णाला झालेला गंभीर अपाय) आला की २४ तासांत डॉक्टरांकडून कळवून घेताना होणारी धावपळही. त्यानंतर कुठलाही पेपर हातात आला की औषधाच्या आणि प्लासिबोच्या आर्ममधून किती जण गळाले, हे तुम्ही न सांगता आधी बघाल.